कपॅसिटर मोजायचा की ताडून पाहायचा?

मागच्या भागात कपॅसिटरच्या आत काय असतं ते आपण पाहिलं. धातूचे दोन पापुद्रे, मध्ये वीज न वाहणारा पदार्थ, आणि या रचनेत साठणारा विद्युतभार. शाळेच्या पुस्तकात याला धारित्र म्हणतात आणि त्याच्या साठवण्याच्या क्षमतेला धारिता. दुकानात मात्र 'कंडेन्सर' मागितला तरच पटकन मिळतो. मी या भागात कपॅसिटर हाच शब्द वापरणार आहे.

आजच्या भागाला निमित्त झालं एका प्रश्नाचं. सुरतच्या एका दर्शकांनी लिहिलं होतं, "सर, पंखा हळू फिरतो म्हणून कंडेन्सर काढला. त्यावर २.५ लिहिलंय, माझा मीटर २.१ दाखवतोय. कंडेन्सर बदलू की मीटरच चुकतोय?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो फार चांगला आहे. यात दोन शंका आहेत. एक, कपॅसिटर खराब झालाय का. दुसरी, ज्या मीटरच्या भरवशावर आपण तसं म्हणतोय, त्याच्यावर विश्वास ठेवायचा का. दुसरीचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिलीचं उत्तर पक्कं होत नाही. चला, क्रमाने बघू.

आधी हात सांभाळा

पंखा बंद केला म्हणजे काम झालं असं समजू नका. मेन स्विच बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची म्हणतात, पण तिचं शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातं. नेमक्या त्या क्षणी वीज तुटली तर कपॅसिटर तेवढा भरलेला राहू शकतो. चांगल्या पंख्यात तो मोटरच्या वाइंडिंगमधून लगेच रिकामा होतो. पण वाइंडिंग तुटलेलं असेल, एखादा जोड सुटलेला असेल, तर भार आतच अडकून राहतो. आणि आपण पंखा उघडतो तो बहुतेक वेळा असंच काही बिघडल्यावरच!

हा झटका मोठा नसतो, पण तुम्ही स्टुलावर उभे असता. माणूस विजेने नव्हे, पडून जखमी होतो. म्हणून १० किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरींना जोडून ठेवा आणि कपॅसिटरच्या दोन टोकांना दोन-तीन सेकंद लावा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची सवय असेल तर ती सोडा. भरलेला कपॅसिटर मीटरला लावला तर मीटरही जाऊ शकतो.

आता पुढचं सगळं काम बॅटरीवर करायचं. यात कुठेही घरच्या विजेला हात लावायचा नाही.

पहिली रीत : वेळ मोजा

कपॅसिटरचा आकडा थेट वाचता येत नाही. आपण नेहमी दुसरं काहीतरी मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. त्यातली सर्वांत सोपी गोष्ट म्हणजे वेळ.

एका रेझिस्टरमधून कपॅसिटर भरू द्या. सुरुवातीला तो भराभर भरतो, मग हळू होत जातो. बॅटरीच्या व्होल्टेजच्या ६३.२ टक्क्यांपर्यंत पोहोचायला जो वेळ लागतो तो म्हणजे रोध गुणिले धारिता. १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर हा वेळ २.५ सेकंद येतो. हिशोब किती सोपा! ९ व्होल्टची बॅटरी असेल तर मीटरवर ५.६९ व्होल्ट दिसेपर्यंतचा वेळ मोजायचा, झालं.

पण थांबा, इथे एक मेख आहे. व्होल्टेज बघायला आपण मल्टिमीटर लावतो, आणि नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम असतो. म्हणजे १ मेगाओहममधून आपण पाणी भरतोय आणि १० मेगाओहमच्या भोकातून थोडं गळतंय. मग कपॅसिटर ९ व्होल्टपर्यंत जातच नाही, ८.१८ व्होल्टवर थांबतो. ५.६९ व्होल्ट गाठायला २.५ ऐवजी २.७ सेकंद लागतात. कपॅसिटर आहे तसाच आहे, पण आपल्याला तो ८ टक्के मोठा वाटतो. मोजायला लावलेली वस्तूच माप बदलते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे पदोपदी होतं, आणि ते ध्यानात असलं की अर्ध्या चुका टळतात.

बऱ्याच मीटरच्या आत हेच काम जरा वेगळ्या पद्धतीने होतं. मीटर कपॅसिटरमध्ये ठरावीक, न बदलणारा करंट सोडतो. मग व्होल्टेज सरळ रेषेत चढतं. १० मायक्रोअँपिअर करंट २.५ मायक्रोफॅरडमध्ये सोडला तर दर सेकंदाला ४ व्होल्ट चढतात. व्होल्टेज किती वेगाने चढलं ते पाहिलं की धारिता मिळते. पण लक्षात घ्या, हे सगळं मीटरमधला करंट बरोबर आहे आणि मीटरमधलं घड्याळ बरोबर आहे या भरवशावर चालतं.

दुसरी रीत : ५५५

आता आपला जुना मित्र, ५५५ टायमर. हान्स कामेनझिंड यांनी १९७१ मध्ये हा आयसी रचला आणि १९७२ मध्ये सिग्नेटिक्स कंपनीने तो बाजारात आणला. पन्नास वर्षं उलटली तरी मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, बेंगळुरूचा एसपी रोड, हैदराबादचं कोठी, चेन्नईची रिची स्ट्रीट, कुठेही जा, तो चिल्लर पैशांत मिळतो.

याच्या आत सारखे तीन रेझिस्टर एकापुढे एक आहेत. ते सप्लायचे तीन समान भाग करतात. कपॅसिटर दोन तृतीयांश भरला की ५५५ त्याला रिकामा करायला लागतो, एक तृतीयांशवर आला की पुन्हा भरायला लागतो. हे सारखं चालू राहतं आणि एलईडी लुकलुकतो.

यातली गंमत बघा. आयसी 'अमुक व्होल्ट झाले का' असं विचारतच नाही, तो 'सप्लायचा अमुक हिस्सा झाला का' असं विचारतो. त्यामुळे बॅटरी ९ व्होल्टवरून ८ वर उतरली तरी वेळ जवळजवळ तोच राहतो, कारण भरण्याचा वेगही त्याच प्रमाणात उतरतो. बॅटरीचा आकडा हिशोबातून निघूनच गेला. ही कल्पना लक्षात ठेवा, आपण तिला आणखी ताणणार आहोत.

जोडणी सांगतो. ८ आणि ४ नंबरच्या पिना सप्लायच्या धन टोकाला. १ नंबर ऋण टोकाला. ८ आणि ७ यांच्यामध्ये १ किलोओहम. ७ आणि ६ यांच्यामध्ये ४७० किलोओहम. २ आणि ६ एकमेकांना जोडा. तपासायचा कपॅसिटर २ नंबर आणि ऋण टोक यांच्यामध्ये. ५ नंबरपासून ऋण टोकाला ०.०१ मायक्रोफॅरड. ३ नंबरवरून १ किलोओहममधून एलईडी.

एका लुकलुकीचा वेळ किती? पहिला रोध अधिक दुसऱ्या रोधाची दुप्पट, म्हणजे इथे ९४१ किलोओहम. त्याला धारितेने गुणा आणि ०.६९३ ने गुणा. २.५ मायक्रोफॅरडला १.६३ सेकंद येतात. २.१ ला १.३७ सेकंद. एकच लुकलुक मोजाल तर बोटाच्या घाईत फरक बुडून जाईल. म्हणून २० मोजा. एकाला ३२.६ सेकंद लागतील आणि दुसऱ्याला २७.४. पाच सेकंदांचा फरक मोबाइलच्या स्टॉपवॉचवरही स्वच्छ दिसतो. फक्त पहिली लुकलुक सोडून द्या. पहिल्यांदा कपॅसिटर शून्यापासून भरतो, म्हणून ती लांबते.

आता शंका घ्या. ४७० किलोओहमचा रेझिस्टर खरंच ४७० चा आहे का? त्यावर सोनेरी पट्टा असेल तर ५ टक्के इकडे-तिकडे चालतं, आणि ती ५ टक्क्यांची चूक जशीच्या तशी आपल्या उत्तरात उतरते. म्हणजे आपण मीटरवरचा अविश्वास उचलून रेझिस्टरवर ठेवला, एवढंच.

तिसरी रीत : ताडून पाहा

बाजारात दोन प्रकारचे काटे असतात. एक स्प्रिंगचा. त्यात स्प्रिंग किती ताणली यावरून वजन कळतं. स्प्रिंग ढिली झाली की वजन चुकलं. दुसरा दोन पारड्यांचा तराजू. त्यात एका पारड्यात माल, दुसऱ्यात माप. दांडी आडवी झाली की बरोबर. तराजू जुना असो, गंजलेला असो, माप खरं असेल तर तुम्ही माल आणि माप पारड्यांत अदलाबदल करूनही खात्री करू शकता.

आतापर्यंतच्या दोन्ही रीती स्प्रिंगच्या काट्यासारख्या होत्या. आता तराजू करू.

त्याच ५५५ च्या जोडणीत आधी नवा कोरा २.५ चा कपॅसिटर लावा, २० लुकलुकी मोजा. मग संशयित लावा, मोजा. मग पुन्हा नवा लावा, मोजा. माहीत असलेला, नसलेला, पुन्हा माहीत असलेला. दोन्ही टोकांचे आकडे जुळले तर मधल्या वेळात काही सरकलेलं नाही याची खात्री पटते. आता दोन वेळांचा भागाकार करा. २७.४ भागिले ३२.६ म्हणजे ०.८४. या भागाकारातून रेझिस्टर निघून गेला, ०.६९३ निघून गेला, बॅटरी तर आधीच गेली होती. मोबाइलचं घड्याळ थोडं पुढे-मागे धावत असेल तर तेही गेलं. उरलं ते फक्त दोन कपॅसिटरचं प्रमाण.

आणि आता सुरतच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. तुम्ही म्हणाल, नवा कपॅसिटर तरी नेमका २.५ चा आहे कशावरून? रास्त शंका. त्यावर साधारणपणे अधिक-उणे ५ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे तो २.३७५ ते २.६२५ मध्ये कुठेही असेल. त्याला ०.८४ ने गुणा. संशयित कपॅसिटर १.९९५ ते २.२०५ मध्ये कुठेतरी बसतो. वरचं टोक धरलं तरी तो २.३७५ च्या खालीच आहे. म्हणजे आपलं माप पक्कं नसूनही निकाल पक्का आहे. बदला!

प्रमाण ०.९५ आलं असतं तर? मग उत्तर २.२६ ते २.४९ मध्ये गेलं असतं आणि या मापाने निकाल देता आला नसता. मोजणाऱ्याने आकडा सांगताना 'एवढा' म्हणण्याबरोबर 'यापेक्षा कमी नाही आणि यापेक्षा जास्त नाही' हेही सांगितलं पाहिजे.

हा कपॅसिटर उतरतो कसा, तेही सांगतो. पंख्याच्या कपॅसिटरमध्ये प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा अगदी विरळ थर असतो. फिल्ममध्ये कुठे कमजोर जागी ठिणगी पडली तर तिथला धातू उडून जातो आणि जखम आपोआप भरते. कपॅसिटर वाचतो, पण प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो. उष्णता आणि विजेचे उसळे यांनी हे वाढतं. म्हणून तो एकदम मरत नाही, वर्षानुवर्षं झिजतो, आणि पंखा हळू झालाय हे आपल्याला ऐन मे महिन्यात कळतं.

काही जण अशा वेळी 'जरा मोठा टाका, वेग वाढेल' म्हणतात. असं करू नका. मोठ्या कपॅसिटरने मोटरच्या सहायक वाइंडिंगमधून जास्त करंट जातो, वाइंडिंग तापतं. काही रुपयांच्या कपॅसिटरपायी अख्खी मोटर पुन्हा गुंडाळायची वेळ येते. वर जो आकडा लिहिलाय तोच घ्या, आणि व्होल्टेजही तेच किंवा जास्त, साधारण ४४० व्होल्ट एसीचं.

चौथी रीत : कान लावा

५५५ मध्ये आपण एकामागून एक ताडलं. दोघांना एकाच वेळी समोरासमोर बसवता येतं का? येतं. त्याला ब्रिज म्हणतात, आणि या सर्वांत साध्या ब्रिजला द सॉटी यांचं नाव आहे.

डावीकडे वर एक रेझिस्टर, खाली संशयित कपॅसिटर. उजवीकडे वर दुसरा रेझिस्टर, खाली माहीत असलेला कपॅसिटर. वरून खाली बॅटरीवर चालणाऱ्या ५५५ ची सुमारे १००० हर्ट्झची पीं-पीं सोडा. दोन्ही बाजूंच्या मधल्या बिंदूंमध्ये इयरफोन लावा. उजवा रेझिस्टर १०० ओहमचा ठेवा, डावीकडे २०० ओहमचा फिरवता येणारा प्रीसेट लावा. हळूहळू फिरवा. आवाज कमी होत जाईल, एका जागी जवळजवळ बंद होईल, पुढे गेलात की पुन्हा वाढेल.

आवाज बंद झाला म्हणजे दांडी आडवी झाली. त्या क्षणी डावा रोध गुणिले संशयित कपॅसिटर बरोबर उजवा रोध गुणिले माहीत असलेला कपॅसिटर. प्रीसेट काढून मोजला आणि ११९ ओहम आला, तर १०० भागिले ११९ म्हणजे पुन्हा तेच ०.८४. इथे वेळ मोजावी लागली नाही. पीं-पीं किती मोठी, तिचा सूर कोणता, याचाही हिशोबात संबंध नाही. आवाज किती आहे हे सांगायला यंत्र लागतं, पण आवाज नाही हे सांगायला कान पुरतो.

मी 'जवळजवळ बंद' म्हणालो ते मुद्दाम. कधी कधी बारीक कुरकुर उरते, काही केल्या जात नाही. ती वाया घालवू नका, ती बोलते आहे. एका कपॅसिटरमध्ये दुसऱ्यापेक्षा जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते आहे, असं ती सांगते. चांगल्या कपॅसिटरच्या ओळीत एक छोटा रेझिस्टर घालून ती घालवता येते, आणि तो किती ओहमचा लागला यावरून दुसऱ्याची गळती कळते. हीच कल्पना उच्च दाबाच्या विजेसाठी हाराल्ड शेरिंग यांनी १९२० मध्ये वापरली. सबस्टेशनच्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन तपासताना जी टॅन डेल्टा चाचणी होते, ती याच उरलेल्या कुरकुरीचं मोजमाप आहे.

इथे तुमच्या मीटरची मर्यादाही कळते. तो काही व्होल्टवर तपासतो, पंखा शेकडो व्होल्टवर चालवतो. मीटरवर आकडा बरोबर आला तरी कपॅसिटर फुगलेला असेल, तेल किंवा मेण बाहेर आलं असेल, तर तो बाद.

माप खरं कशावरून?

एक प्रश्न अजून शिल्लक आहे. माहीत असलेला कपॅसिटर कोणीतरी आणखी चांगल्या कपॅसिटरशी ताडलेला असतो. तो त्याहून चांगल्याशी. ही साखळी आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. मग शेवटचा कशाशी ताडायचा? १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियात थॉम्प्सन आणि लॅम्पर्ड यांनी याचं सुंदर उत्तर दिलं. चार इलेक्ट्रोड एका खास पद्धतीने समोरासमोर मांडले तर धारिता फक्त त्यांच्या लांबीवर अवलंबून राहते, त्यांच्या जाडीवर किंवा आकारावर नाही. एका मीटरला सुमारे १.९५ पिकोफॅरड. म्हणजे साखळीच्या शेवटी धारिता ताडली जाते ती लांबीशी. लांबी आपल्याला प्रकाशाने फार अचूक मोजता येते.

हाच तराजू बाजार समितीत

पंख्यापुरतंच हे आहे असं वाटत असेल तर लातूरच्या किंवा उज्जैनच्या बाजारात सोयाबीनच्या हंगामात जाऊन बघा. दाण्यांचा ओलावा बघायला तिथे जो छोटा मीटर असतो, त्यातले बहुतेक मीटर कपॅसिटन्सच मोजतात. दाणे दोन पत्र्यांमध्ये पडतात आणि मधला पदार्थ बनतात. पाणी धारिता सुमारे ८० पट वाढवतं, कोरडा दाणा मोजक्या पटीनेच. त्यामुळे ओलावा वाढला की धारिता वाढते.

सोयाबीनच्या हमीभाव खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे. मीटर १२ दाखवतो की १४, यावर शेतकऱ्याची गाडी आत जाते की परत फिरते ते ठरतं. आणि या मीटरला फसवणाऱ्या गोष्टी आता तुम्हीच सांगू शकाल. दाणे दाबून भरले तर धारिता वाढते, सैल भरले तर कमी होते, म्हणून नमुना ठरलेल्या वजनाचाच घ्यायचा. तापमानाने धारिता बदलते, म्हणून उन्हात तापलेला माल लगेच मोजायचा नाही. हरभऱ्याची सेटिंग सोयाबीनला चालत नाही.

शेतकरी मित्रांनो, मीटरवरचा आकडा पटला नाही तर भांडण्याआधी दोन गोष्टी मागा. एक, त्याच ढिगातून नवा नमुना घेऊन पुन्हा मोजा. दुसरी, ज्याचा ओलावा ओव्हनमध्ये वाळवून काढलेला आहे असा नमुना याच मीटरमध्ये घालून दाखवा. पहिल्याने मीटर स्वतःशी जुळतो का ते कळतं, दुसऱ्याने तो खऱ्याशी जुळतो का ते कळतं. हे मागायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आता गृहपाठ. घरात किंवा भंगारात सारखा आकडा लिहिलेले चार-पाच कपॅसिटर असतील तर ५५५ वर ते एकमेकांशी ताडा आणि क्रमाने लावा. आकडे कमेंटमध्ये टाका, पण नुसतं मूल्य नको, किती लुकलुकींना किती सेकंद लागले तेही लिहा. पुढच्या भागात याच तराजूने मोबाइलचा पडदा तुमचं बोट कसं ओळखतो ते पाहू. तिथे फरक एका पिकोफॅरडपेक्षाही कमी असतो. भेटूच!